गोचीडमास्तरांचा बैल

मास्तरांच्या खोलीत शिरायचं तर आधी पाय दाखवावे लागत. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, धोतर असो की पँट, गुडघ्यापर्यंत वर घ्यायची आणि पाठमोरं वळायचं. मास्तर चष्मा कपाळावर चढवून वाकत, पोटऱ्या तपासत आणि म्हणत, "या. स्वच्छ आहात." यातून कुणी सुटत नसे. त्यांची थोरली बहीण, आक्का, आजारी होत्या तेव्हा तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही त्यांनी वळायला लावलं. डॉक्टर बिचारे वळले. आतून आक्का ओरडल्या, "अरे, धाप मला लागलीय, त्यांना नाही!"

मास्तर शोधत असत गोचीड. जनावराच्या कानात, मांडीत चिकटून रक्त पिणारा, तोच. परळला आमच्या शाळेत ते शास्त्र शिकवायचे आणि मी चित्रकला. लालबागच्या एकाच चाळीत आम्ही राहायचो, ते दुसऱ्या मजल्यावर आणि मी पहिल्यावर. त्यांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटापुरतं होतं. बाकी सगळ्या वस्तीत ते गोचीडमास्तर. हे नाव कुणी पाडलं ते मला माहीत नाही, पण मी स्वभावाने असा आहे की शेजारी कुणी शिंकलं तरी खिडकी मीच उघडी ठेवली असणार असं मला वाटतं. तेव्हा नावाचं पापही मी गेली कितीतरी वर्षं आपल्याच खाती धरून चाललो आहे.

दिसायला मास्तर बरे होते. उंच, गोरे, गिरगावातल्या जुन्या घराण्याचे. घराणं कारकुनीत आणि भाड्याच्या उत्पन्नात वाढलेलं होतं. ते उत्पन्न सरलं, पण घराण्याचा आवाज मास्तरांच्या गळ्यात तसाच राहिला. ते कुणाशी बोलत नसत, कुणालाही शिकवत. कोटाच्या वरच्या खिशात चिमटा आणि खालच्या खिशात रॉकेलची बाटली. त्यामुळे स्टाफरूममध्ये मास्तर आलेत हे डोळे मिटूनही कळे, आणि कुणी विडी पेटवायला घेतली की बाकीचे त्याचा हात धरत.

"गोचीड धावत नाही," ते म्हणत. "उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या पात्यावर चढतो, पुढचे पाय वर करून बसतो आणि वाट बघतो. धावपळ करता तुम्ही. म्हणून तुम्ही त्याला सापडता."

वर्गात प्रकाशाचं परावर्तन सुरू असायचं आणि ते कुठून तरी गोचिडावर यायचे. सहामाहीच्या पेपरात त्यांनी एकदा प्रश्न टाकला होता: 'गावाबाहेरचं कुरण मोडून तिथे घरं बांधली, तर कुरणातला गोचीड कुठे जाईल? सकारण लिहा.' एका मुलाने लिहिलं, 'नव्या घरात भाड्याने राहील.' मास्तरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि ते उत्तर सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवलं. "तुम्हा सर्वांपेक्षा याला जास्त कळतं," असं जाताना सांगायलाही विसरले नाहीत.

एकदा चाळीतल्या एका लग्नाची वरात त्यांनी अडवली. नवरदेव घोड्यावर, बँडबाजा रंगात, आणि मास्तर घोड्याच्या कानाशी. "हलू नका," ते नवरदेवाला म्हणाले. बँड थांबला. चिमटा आत गेला, बाहेर आला, बाटलीत बुडाला. "आणखी एक आहे." मुलाकडचा मामा खवळला. "अहो, मुहूर्त टळतोय!" मास्तर शांतपणे म्हणाले, "ह्याचाही मुहूर्त आहे. पोट भरलं की ही मादी खाली पडेल, आणि तुमच्या मांडवाच्या दारात हजारोंनी अंडी घालेल. मग सूनबाई माप ओलांडून कशावर पाय ठेवणार?" मामा बाजूला झाला. नवरदेव मात्र घोड्यावरून उतरला आणि मांडवापर्यंत चालत गेला.

हवेचा ओलावा ते आक्कांच्या उडदाच्या पापडांवर मोजत. खिडकीत दोरी, दोरीला पापड. पापड कडक असला की गोचीड सुकून मरतो, मऊ पडला की तो खुशीत असतो, असा त्यांचा सिद्धान्त. तो खराही असेल. पण पापड लाटताना आक्कांचे हात मोडत. "मी लाटायचे नि ह्याने वाळत घालायचे, तेही खायला नाहीत!" आक्का जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "ताटात वाढला तर ह्याला चालत नाही. म्हणे उपकरण आहे."

आक्का विधवा होत्या, सत्तरीला टेकलेल्या. भावाने बाळगलं होतं असं भाऊ म्हणे. प्रत्यक्षात कोण कोणाला बाळगत होतं हे सगळ्या चाळीला दिसत होतं. आक्कांचं जग म्हणजे शनिवार संध्याकाळ. त्या दिवशी तळमजल्यावर मुकादमांच्या खोलीत बायकांचं भजन असायचं आणि आक्का पुढे म्हणायच्या. आठवड्याचे बाकीचे दिवस त्या शनिवारची वाट बघण्यात काढत. मास्तरांना हे कधी दिसलं नव्हतं. गोचिडाचं वाट बघणं तेवढं दिसायचं.

आमच्या चाळीच्या मागे बैलगाडीवाल्यांचा मोठा गोठा होता. कापसाच्या गाठी गोदीतून गिरण्यांत नेणारे बैल तिथे बांधत. पुढे लॉऱ्या आल्या, गाड्या मोडीत निघाल्या, बैल गेले. शेजारच्या म्हशी सरकारने त्याआधीच उपनगरात हलवल्या होत्या. शेण गेलं, माश्या गेल्या. चाळ खूश झाली. एकटे मास्तर सुतकात. ते मला ओढत गोठ्यात घेऊन गेले आणि भिंतीच्या भेगा दाखवू लागले.

"हे आत बसलेत. उपाशी. महिनोन् महिने उपाशी राहू शकतात. पूर्वी बैल होता, बैलाच्या पाठीवर मैना होती, ती ह्यांना टिपून खायची. खाणारा गेला, खाऊ घालणारा गेला. आता हे काय करतील?"

"मरतील," मी म्हणालो.

"तुम्ही चित्रं काढा," मास्तर म्हणाले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. त्या दिवसांवर हसायची माझी छाती नाही. आमच्या वस्तीत गोळ्या झेललेली माणसं होती. पण चळवळीत आम्हीही होतो, आणि आमच्यावर हसायला काहीच हरकत नाही. मी चाळीच्या मंडळाचा चिटणीस होतो, कारण माझं अक्षर चांगलं होतं. अध्यक्ष मुकादम. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजावर आवाज चढवून त्यांना साधं बोलणं उरलंच नव्हतं. ते 'चहा घे' म्हणाले तरी मोर्चा निघाल्यासारखं वाटे.

गणपती नुकतेच बोळवले होते. मोठा मोर्चा ठरला होता आणि कोकणातून, देशावरून स्वयंसेवक यायचे होते. त्यांना झोपायला जागा हवी. मुकादमांनी मागचा गोठा सुचवला. झाडून घ्यायचा, सारवायचा, वर गोणपाट टाकायचं. चाळीच्या चौकात सभा भरली, माना हलल्या, आणि मास्तर उभे राहिले.

"गोठ्यात माणसं झोपवू नका. भिंतीत गोचीड आहेत. मला थोडी मुदत द्या, मी काढतो."

"मुदत किती?" मुकादमांनी विचारलं.

"पापड कडक होईपर्यंत."

चौकात हशा पिकला. मुकादम हसले नाहीत. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि गिरणीच्या आवाजात विचारलं, "मास्तर, तुमका म्हाराष्ट्र होयो काय नको, तां सांगा."

यावर शहाण्या माणसाने 'हवा' म्हणून खाली बसावं. मास्तर म्हणाले, "हवा. पण जरा थांबून."

त्या दिवसांत असं वाक्य परळ-लालबागमध्ये कुणी झोपेतही उच्चारलं नसतं. माझ्या शेजारच्या पोराने 'शेम, शेम' सुरू केलं. मास्तर त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "तू. उद्या पाय दाखव."

एवढ्यावर भागलं असतं. चाळ मास्तरांना वेडा म्हणून सोडून द्यायला तयार होती. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बैल आणला.

त्यामागे त्यांचा हिशेब साधा होता. उपाशी गोचिडाला जनावर दाखवायचं. तो भेगेतून निघून अंगावर चढेल. आठवडाभर चढू द्यायचं, आणि पोट भरून खाली पडायच्या आत एकेक चिमट्याने काढून रॉकेलमध्ये बुडवायचा. भिंत आपोआप रिकामी. जुन्या गाडीवानाकडे एक म्हातारा बैल उरला होता. गाडीवान साताऱ्याकडचा, सरळ माणूस.

"मास्तर, ह्यो आता वढायच्या कामाचा न्हाई."

"ओढायचं नाहीच. नुसतं उभं राहायचं."

"हुबं ऱ्हायला बैल कशापायी? मी ऱ्हातो की."

मास्तरांनी त्याच्याकडे क्षणभर, मला वाटतं, खरोखर विचार करून पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही खाजवाल."

आता बैल म्हणजे काय, हे मास्तर सोडून सगळ्या मुंबईला माहीत होतं. सरकारी पक्षाची निवडणुकीची निशाणी होती बैलजोडी. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत आम्ही त्या जोडीच्या नावाने घसा कोरडा करून घेतला होता. आणि आमच्या स्वयंसेवकांच्या जागेत, ऐन मोर्चाच्या तोंडावर, मास्तरांनी बैल आणून बांधला! वर त्याला रोज हिरवा चारा. संध्याकाळी स्वतः पायजम्याचे पाय मोज्यांत खोचून त्याच्या कानाशी गूजगोष्टी.

मी त्यांना सांगायला गेलो. "मास्तर, लोक म्हणतात, हे मुद्दाम आहे. बैल म्हणजे सरकारी पक्ष."

"बैल म्हणजे बैल," मास्तर म्हणाले. "कंदील जरा वर धरा. हे पाहा, कानामागे! सुरेख चढतायत."

चाळीने मास्तरांशी बोलणं टाकलं. त्याने त्यांचं काहीच बिघडलं नाही. बोलणारे कमी झाले तसं त्यांना उलट बरंच वाटलं. पण शनिवारी आक्का टाळ पदरात बांधून खाली गेल्या, तर मुकादमांच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. "आक्का, आज जागा नाय हो." खोलीत सहा बायका होत्या. आक्का जिना चढून परत आल्या. कठड्याला धरून मधेच थांबल्या, तेव्हा मी माझ्या दारात होतो. मी नमस्कार केला. नमस्कार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

"तुझं भूगोलाचं मंडळ आहे ना रे," त्या म्हणाल्या, "त्याला सांग, बैल माझा नाही."

आमच्या मंडळाला त्यांनी भूगोलाचं मंडळ म्हटलं ते उपहासाने, की सीमांचा वाद म्हणून, हे मी विचारलं नाही.

मास्तरांनी रविवारी गोचीड काढायचे ठरवले होते. मोर्चा होता त्याच्या आदल्या दिवशी, पुढच्या शनिवारी सकाळी. पोरं गोठा झाडायला गेली आणि बैल सोडवून बाहेर घेऊन आली. कुणाचा तरी पहिला शब्द निघाला, "ही बघा अर्धी जोडी!" दुसरा म्हणाला, "दुसरा खंय आसा?" तिसरा ओरडला, "तो दिल्लीत बसून रवंथ करतोय!" बस्स. ज्या बैलापायी चाळीने मास्तरांना वाळीत टाकलं, तोच बैल एका क्षणात मोर्चाचा मानकरी ठरला. चुन्याची बादली आली, कुंचला आला, आणि चांगलं अक्षर म्हणून मी आलो.

"अरे, त्याच्या अंगावर मास्तरांचे गोचीड आहेत," मी म्हणालो.

"मग सरकारच्या अंगावर नसतील तर कुणाच्या असतील?" मुकादम गरजले. "लिवा तुमी!"

मी लिहिलं. बैलाच्या उजव्या बाजूला मोठ्या, गोलाईदार अक्षरांत: 'कान आहेत, ऐकू येत नाही.' कान्याची टोकं छाटूनसुद्धा काढली. एवढं देखणं अक्षर मी पुन्हा कधी काढलं नाही, आणि काढलं ते अशा ठिकाणी.

मास्तर जिना उतरले तेव्हा बैल हार घालून कोपऱ्यावर पोहोचला होता. ते धावले. धावू नये असं जन्मभर सांगणारा माणूस लालबागच्या भर रस्त्यातून धोतर सावरत धावला. पुढे झेंडे, मधे बैल आणि बैलाला बिलगून मास्तर. एका हातात चिमटा, दुसऱ्यात रॉकेलची बाटली. परळच्या वळणावर त्यांनी पोटाखालचे काढले, पुढच्या नाक्यावर एका कानातले. लोकांना वाटलं, काय ही बैलाची निगा! बायका गॅलऱ्यांतून फुलं टाकू लागल्या. "मास्तरांचा विजय असो!" मास्तर ओरडत होते, "थांबा, मूर्खांनो! पडतायत! भरलेले पडतायत!" घोषणांत कुणाला काय ऐकू येणार? दादरला बैल कंटाळून रस्त्यातच बसला आणि उठेना. पोलीस आले. बैलाला अटक करता येते का, यावर त्यांच्यात बराच खल झाला. शेवटी एका हवालदाराने कोथिंबिरीची जुडी दाखवून त्याला उठवलं. या प्रसंगाची वस्तीत नंतर खूप चर्चा झाली. कुणी म्हणत, सरकार कोथिंबिरीवर उठलं.

त्या रात्री स्वयंसेवक मोर्चाहून आले, गोठ्यात झोपले, सकाळी उठून गेले. एकालाही काही चावलं नाही. सगळे गोचीड बैलाबरोबर मोर्चाला गेले होते ना! मुकादमांनी मास्तरांना चौकात गाठून विचारलं, "खंय गेले तुमचे गोचीड?"

"लालबाग, परळ, दादर," मास्तर म्हणाले. "मोर्चाच्या वाटेने."

ते खरं होतं. पुढच्या काही आठवड्यांत त्या रस्त्यावरची कुत्री अंग खाजवू लागली. दादरला हिंदू कॉलनीत एका बड्या वकिलाच्या गुबगुबीत कुत्र्याला गोचीड निघाले, तेव्हा वकीलसाहेबांनी गड्याला कामावरून काढलं. मास्तर सुटीच्या दिवशी ती वाट चालत, भटक्या कुत्र्यांना पावाचा तुकडा दाखवून कान तपासत. एकदा मी बरोबर होतो. भोईवाड्याच्या नाक्यावर ते फुटपाथवर टेकले आणि म्हणाले, "गोचीड स्वतः कुठेच जात नाही, माणूस त्याला नेतो, हे मी जन्मभर शिकवलं. प्रात्यक्षिक तेवढं राहिलं होतं." ते हसतील असं वाटून मी तोंड तयार ठेवलं. ते हसले नाहीत.

चाळीचं तोंड फिरलेलंच होतं. कारण कुणी बैलाचं कौतुक केलं की मास्तर ताडकन सांगत, "तो गोचिडांसाठी होता. तुमच्या मोर्चाशी माझा संबंध नाही." आक्का शनिवारी संध्याकाळी आता खिडकीत बसत. खालून भजन ऐकू येई. पुढे म्हणणारं कुणी नसल्याने बायका एकमेकींची वाट बघत आणि सगळ्याच मागे पडत. आक्का वरून हळूच पुढची ओळ म्हणत. खाली कुणाला ऐकू जात नसे.

मग एका सकाळी मुकादम जिना चढून आले. त्यांनी न सांगता धोतर वर घेतलं आणि पाठ वळवली. मास्तरांनी पोटऱ्या तपासल्या. मी तिथेच होतो.

"मास्तर, मोठ्या पुढाऱ्यांनी विचारलं, बैलाची कल्पना कुणाची? मी तुमचं नाव सांगून बसलो. दुसऱ्याचा बैल पोरांनी सोडून नेला, असं कसं सांगणार? येत्या गुरुवारी चौकात शाल-नारळ. तुम्ही फक्त एवढं म्हणा, बैल मोर्चासाठी आणला होता. बस्स. मग तुम्ही आमचे, आक्का आमच्या. भजनाला आक्का नाही तर आमच्या घरात नुसता गोंधळ चाललाय."

"पण तो मोर्चासाठी नव्हता," मास्तर म्हणाले.

"ठाऊक आहे हो. म्हणून तर तुम्हाला म्हणायला सांगतोय."

मुकादम गेल्यावर मास्तर चिमटा पुसत बसले. आक्का आतून आल्या, पदराला हात पुसत.

"माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. जरा थांबून पुढे म्हणाल्या, "आणि बोललास तर चाचरू नकोस. तुला सवय नाही."

गुरुवारी चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. मास्तरांनी शाल हातात घेतली, उलगडली, दोन्ही बाजूंनी उजेडात धरून पाहिली आणि मगच खांद्यावर घेतली. लोकांना ते आवडलं. मग ते माइकशी गेले. मी खालमानेने बसलो होतो. गोचिडाविषयी या माणसाने आजवर एक शब्द खोटा काढला नव्हता, आणि बाकी कशाविषयी तो बोलतच नसे.

"बैल मी आणला होता," मास्तर म्हणाले. वरच्या मजल्यावर आक्का खिडकीत होत्या. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. "मोर्चासाठी."

टाळ्या पडल्या. मुकादमांनी मिठी मारली. मास्तर चाचरले नव्हते.

त्यानंतरच्या शनिवारी आक्का पदराला टाळ बांधून खाली गेल्या. दार पूर्ण उघडलं. मी वर मास्तरांकडे बसलो होतो. खाली भजन सुरू झालं, आक्कांचा आवाज पुढे आणि बाकीच्या बरोबर मागे. मग मधेच भजन थांबलं, आक्का काहीतरी बोलल्या आणि बायकांचा मोठा हशा उठला. पुन्हा आक्कांचा आवाज, जरा चढलेला, पुन्हा हशा. कुणीतरी म्हणालं, "पुरे हो आक्का, किती थट्टा कराल बिचाऱ्यांची!"

मास्तरांनी मान वर केली. "काय चाललंय खाली?"

मी खिडकीशी जाऊन ऐकलं. "आक्का सांगताहेत, बैल मोर्चासाठी नव्हता. गोचिडांसाठी होता."

"मग?"

"कुणी विश्वास ठेवत नाही."

मास्तर बराच वेळ ऐकत राहिले. खाली हसणं ओसरलं, टाळ वाजले, आक्कांनी पुढची ओळ उचलली.

"खिडकी उघडी राहू द्या," मास्तर म्हणाले.